वचनमामा

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत जा, एक वचनमामा असतातच. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत चेनच्या कव्हरातलं पवित्र शास्त्र. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं हे त्यांना मान्य आहे, पण बोलताना तोंडात 'मराठी मिशन'च येतं. मिशन नगरला १८३१ साली आलं, हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, स्टेशनवर उतरवून घ्यायला मामाच गेले होते.

भेटले की 'सलाम', आणि सलामाच्या पाठोपाठ आकडा. मुलाला नोकरी नाही? "मत्तय सहा, चौतीस." गुडघे धरलेत? "यशया चाळीस, एकतीस." वचन ते म्हणून दाखवत नाहीत, तुम्ही घरी जाऊन उघडायचं. निम्मी मंडळी उघडत नाही, म्हणूनच मामांचा दरारा टिकून आहे.

रोज पहाटे पाचला मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर मामांचा खणखणीत आवाज येतो, आशीर्वादासकट. तरुण संघातल्या एका पोरानं एकदा खाली नुसतं लिहिलं : नीतिसूत्रे २७:१४. मामांनी चष्मा लावून पान काढलं. पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्यानं आशीर्वाद देणाऱ्याबद्दल तिथे जे म्हटलंय, ते काही बरं नाही. पुढचा संदेश साडेसहाला आला.

खरी गंमत उसनवारीच्या वेळी. शेजारचा गडी मामांच्याच तालमीत तयार झालेला. दारात उभा राहून म्हणाला, "मामा, मत्तय पाच, बेचाळीस." मागणाऱ्याला दे, असं ते कलम. मामा कसले ऐकतात! "नीतिसूत्रे बावीस, सव्वीस. जामीन राहू नये."

"जामीन कोण मागतंय? रोख द्या."

मामांनी बरीच पानं चाळली. आकडा काही सापडेना. शेवटी पाकीट काढलं.

आतून मामींनी भांडं आपटलं. मामींचं शास्त्र वेगळं आहे : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नवऱ्यानं घरातलं उचलून दुसऱ्याला दिलं की काय होतं, ते त्यात सविस्तर आहे. मामा टिळकांची भजनं टाळ घेऊन म्हणतात, मामी लक्ष्मीबाईंची बाजू घेतात. "टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० साली. पाच वर्षं विचार करून आल्या त्या," असं मामी सुनावतात. मामांकडे यावर वचन नाही.

वचन नसलं की मामा बरे वागतात, असं माझं मत झालंय. कुणाच्या घरी मयत झाली, तर हे पहाटेच कबरस्तानात खणणाऱ्यांच्या डोक्यावर उभे. पेटीची मापं, पाळकांसाठी रिक्षा, घरच्यांसाठी चहा, सगळं बघतात. त्या दिवशी एकही आकडा तोंडातून निघत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वसूल करतात.

कापणीच्या सणाला लिलाव मामांकडे. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. वस्तू घेणाऱ्यानं ती परत द्यायची आणि तिचा पुन्हा लिलाव व्हायचा, अशी रीत. एकेक भोपळा तीन-तीनदा विकला जातो आणि संध्याकाळी कुणाच्याच घरी शिजत नाही. यंदा मामांनी उत्साहाच्या भरात मामींची अंड्यावरची कोंबडी न विचारता आणून ठेवली. मामींनी ती ओळखली. शंभरपासून बोली सुरू झाली, आणि तरुण संघानं मुद्दाम चढवत नेली. "दुसरं करिंथ नऊ, सात!" मामा ओरडत होते, "संतोषानं द्या!" पाचशे एकवार, पाचशे दोनवार, पाचशे तीनवार. मामींना आपलीच कोंबडी पाचशेला पडली.

रिवाजाप्रमाणे मामांनी हात पुढे केला, कोंबडी परत मिळेल म्हणून. मामींनी ती पदराखाली घेतली. आयुष्यात कधी आकडा न बोललेली बाई सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "पहिलं तीमथ्य पाच, आठ."

पोरांनी लगेच मोबाइल काढले. घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असं पौलानं तिथे लिहून ठेवलंय. मागच्या बाकांवरून हशा पुढे सरकत आला, पाळकसुद्धा रुमालात तोंड लपवून हसले.

मामांनी घाईनं पुढचा भोपळा उचलला.