सेवानिवृत्त जलदाते

निवृत्तीनंतर मनुष्य ईश्वरभक्तीकडे वळतो असे म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे दादासाहेब रबरी नळीकडे वळले. पुण्याच्या काळ्या जमिनीवर वसलेल्या आमच्या वसाहतीच्या बागेचा कारभार त्यांनी कोणत्याही ठरावावाचून आपणाकडे घेतला असून, भल्या पहाटे कानटोपी घातलेली त्यांची मूर्ती लिंबाच्या आळ्यापाशी नळी रोखून उभी दिसली, की या लिंबाने पूर्वजन्मी काय पातक केले असावे, असा प्रश्न सहृदय माणसास पडल्यावाचून राहत नाही.

दादासाहेबांच्या हृदयात करुणेचा पाझर आहे, यात संशय नाही. दुर्दैव एवढेच, की तो थेट झाडाच्या बुंध्याशी निघतो. काळी माती पाणी सहसा सोडीत नाही, आणि तिच्या कणांमधील हवेस हुसकावून पाण्याने तेथे एकदा ठाण मांडले, की श्वासाला मोताद झालेल्या मुळ्या कुजू लागतात व भोवती तळे साचलेले असूनही त्यातील घोटभर पाणी त्यांच्याने वर चढवत नाही. मग पाने पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात. आणि मान टाकणे हा तहानेचाच अर्ज होय, असा दादासाहेबांचा कायमचा निवाडा असल्यामुळे, अर्जदाराच्या नावे आणखी दोन बादल्या तत्काळ मंजूर होतात. वास्तविक तहानलेले पान बोटांत चुरते, बुडालेले नुसते लुळे पडते. खुरप्याने वीतभर माती उकरून नाकाशी धरली, तर तिचा आंबूस दर्पच खरी हकीकत सांगतो. परंतु ज्या कचेरीत अर्ज येण्यापूर्वीच मंजुरीचा शेरा मारलेला असतो, तेथे चौकशी करणार कोण?

आमचा माळी विदर्भातल्या संत्र्याच्या मुलखातला. लिंबाच्या खोडावर डिंकाचे ओघळ पाहताच तो म्हणाला, "दादासाहेब, हा डिंक्या हाय. खोडाले पानी लागू देऊ नोका." त्याने रोगट साल खरवडली, मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम फासले, आणि खोडाभोवती मातीची भर घालून, पाणी फांद्यांच्या घेराखालीच राहावे अशा बेताने दुहेरी आळे केले. बाहेरचे कडे पाण्यासाठी, आतले कोरडे. दादासाहेबांनी त्या रचनेचे बारकाईने निरीक्षण केले, लाभक्षेत्र वाढल्याबद्दल माळ्याची पाठ थोपटली, आणि दोन्ही कडी काठोकाठ भरली.

संत्र्याच्या बागेत बहारासाठी मुद्दाम पाणी तोडून झाडांना ताण देतात, हे माळ्याकडून ऐकल्यावर तर त्यांनी कानावर हात ठेवले.

गेल्या हिवाळ्यात ते महिनाभर नाशिकला कन्येकडे गेले. फाटकावरची बोगनवेल, जी त्यांच्या कारकिर्दीत केवळ पाने आणि काटे यांवर समाधानी होती, ती तेवढ्या अवधीत जांभळ्या रंगाने नखशिखान्त ओसंडली. परत आल्यावर दादासाहेब तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "माझ्या पाण्याचा गुण सावकाश येतो, पण येतो," ते माळ्यास म्हणाले, आणि बक्षिसादाखल त्या दिवशी तिला दोन आवर्तने जास्त सोडली.