हात वर

डाव्या हातानं कपडे वाळू घालत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला.

"काहून वो, बोटं पार वांग्यावानी फुगले तुहे!"

सडा टाकताना घसरले, हातावर पडले, मनगट मोडलं, परवा प्लास्टर झालं. बुटीबोरीत ही बातमी माझ्याआधी चौकात पोचली होती, तरी काकूंना पहिल्यापासून ऐकायचं होतं. मग कॉलिसचंही सांगितलं. या मोडण्यावर डब्लिनच्या त्या डॉक्टरनं 1814 सालीच लिहून ठेवलंय, एक्स-रे निघायच्या ऐंशी वर्षं आधी.

"म्हणजे तिथंही बाया सडा टाकत असतीन," काकू म्हणाल्या. "पण तू हात लोंबकळत काहून ठेवला?"

"झोळी आहे ना गळ्यात."

"झोळी बेंबीपाशी आली तुही! पंजा कोपराच्या वर पायजे. निजताना उशा रच, हात छातीच्या वर राहू दे. पाणी उताराले जाते, तशी सूज बोटात उतरते."

काकूंचं ज्ञान ऐकीव नाही. मागच्या पावसाळ्यात कंपनीतून येताना काकांची गाडी वर्धा रोडवर घसरली होती. तासातासाला मूठ मिटायची, उघडायची, खांदा फिरवायचा, थैलीतला बर्फ फडक्यात गुंडाळून प्लास्टरवर धरायचा, पण प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही. सगळं दटावून करून घेतलं त्यांनी.

"सासूबाई बोटं तेलानं चोळून देते म्हणतात."

"त्यायले म्हण, सोताचे गुडघे चोळा. अन् आयक, बोटं बधिर झाले, नखं निळे पडले, गोळी घेऊनही ठणका वाढला, तं सकाळची वाट नोको पाहू. रात्री बारा वाजता एम्स गाठ. मिहानात तं आहे. प्लास्टर चिरून सैल करतात ते."

"यांना उठवावं लागेल."

"स्वयंपाक कोण करते सध्या? तोच ना?"

"छे. त्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले."

काकू भिंतीला धरून हसल्या आणि एकदम थांबल्या.

"हे अंगठी काहून घातली अजून?"

"निघत नाही. लग्नातली आहे, कापायला नको वाटतं."

"अंगठी सोनार जोडून देते. बोट कोण जोडन?"

साबण आणायला त्या आत पळाल्या. साबणानं नाही निघाली तर थेट सोनाराकडे, हे आतूनच ओरडून सांगितलं. परत आल्या तेव्हा मी हात पुढे केला.

"तसा नाही. वर, भिंतीवर ठेव."