भाऊजींचे 158

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या भाऊजींचं? विसर्जनाच्या दिवशीचं हो! लेकाने अमेरिकेहून पाठवलेलं ते घड्याळ, वर्षभर मिरवतायत नुसतं. ते घालून स्वारी गेली बेलबाग चौकात. समोर पथक उभं, पन्नासेक ढोल, वर ताशांचा कडकडाट... आपल्याला तर बाई खिडकी लावून घेतली तरी छातीत धडधडतं.

तर काय सांगत होते... भाऊजी टाळ्या पिटतायत ताशाच्या ठेक्यावर, आणि सहज बघतात तर ठोके 158! चेहरा असा उतरला म्हणे, खाली फुटपाथवरच बसले. वहिनी रडकुंडीला. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा शोधायला पळालं. कांदा! विसर्जनाच्या गर्दीत!

पण सूनबाई शांत हं. डॉक्टरच ती. आधी विचारलं, छातीत दुखतंय का, घाम फुटलाय का, चक्कर येतेय का? नाही. मग मनगटावर बोटं ठेवली, पंधरा सेकंदांत मोजले सव्वीस. सव्वीस चोक एकशे चार. म्हणाली, ‘‘बाबा, हे तुमचे ठोके नाहीत, टाळ्या आहेत.’’ वहिनींचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही!

अहो, त्या घड्याळाखाली हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीतून रक्ताची ये-जा बघतो. दर ठोक्याला रक्त वाढतं, उजेड कमी परततो, त्यावरून हिशोब. हात एका लयीत हलला की त्याला ठोका कुठला आणि टाळी कुठली कळेनासं होतं. त्यात पट्टा सैल, बांगडीसारखा. आवाजाचा त्या दिव्याशी काही संबंध नाही हो, दिव्याला थोडेच कान असतात!

त्यांची नात पथकात आहे ना, कमरेला ढोल, हातात टिपरू. ती म्हणे सरावाला घड्याळ काढूनच ठेवते. मोजायचंच झालं तर छातीवर पट्टा बांधते. तो हृदयाची वीजच टिपतो म्हणे, त्यामुळे हात हलला तरी एवढा फसत नाही.

पण खरी गंमत पुढेच. वहिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे काही झालंच नव्हतं?’’ तर सूनबाई म्हणते, ‘‘झालं होतं ना! घरी बाबांचे बहात्तर असतात. एवढ्या दणदणाटात कुणाचेही वाढतात, त्यात हे घाबरले.’’ भाऊजी गप्प. आणि आवाजाचं म्हणाल, तर निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, 2000 सालापासून नियम आहे म्हणे. माझा मिक्सरसुद्धा त्यात बसायचा नाही!

आता घड्याळ आहेच हातात, पण हाडाच्या वर, बोटभर मागे, घट्ट. वहिनी स्वतः बांधून देतात. आणि हो, तुमच्या ह्यांचाही पट्टा बघा एकदा. परवा फाटकात उभे होते, तर घड्याळ पार उलटं फिरून तळहाताकडे आलं होतं.