संदर्भ : गुगल

महाविद्यालयीन प्रकल्पाची संदर्भसूची हा मराठीतला सर्वांत छोटा साहित्यप्रकार असावा. 'गुगल, विकिपीडिया, इंटरनेट.' संपली. हळदीचा भाव कुठे कळला, असं विचारल्यावर 'एसटी स्टँडवर' म्हणून सांगावं, तसंच हे. सांगणारा कोण, त्याला हळदीतलं काय कळतं, हे विचारायचं नाही. सरांच्या 'नोट्स'ही त्याच स्टँडवरून येत असतील, तर ते तरी कशाला विचारतील?

आता प्रगती झाली आहे. चॅटजीपीटी लेखक, वर्ष, नियतकालिक, पानक्रमांक असा साग्रसंगीत संदर्भ देतो. कधी कधी तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो, एवढंच. 2023 साली न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेल्या खटल्यांचे दाखले कोर्टापुढे ठेवले आणि 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. आपल्याकडे समास नीट आखलेले असले, की याच कामगिरीला दहापैकी आठ गुण.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांनी प्रबंधाच्या इतरांच्या लेखनाशी असलेल्या 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा ठेवली नाही. झालं! 'हे कुठे वाचलंस?' हा प्रश्न मागे पडला, 'टक्के किती आले?' हा पुढे आला. मग 'वाढ'ची 'वृद्धी' करायची, की संशोधन मौलिक.

मराठी विश्वकोश आणि 'शोधगंगा' या संकेतस्थळावरचे प्रबंध मात्र सर्वांना फुकट खुले आहेत. तिथून काही घेतलंत, तर लेखकाचं नाव, पानाचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख तेवढी लिहा.