मार्गशीर्षात मालवण

आमच्या आणि ताईंच्या मधली कंपाउंडची भिंत छातीइतकी आहे. बांधताना दोन्ही घरच्या पुरुषांचा ती डोक्याच्या वर न्यायचा बेत होता. आम्ही दोघींनी गवंड्याला चहा देऊन मध्येच थांबवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी त्या भिंतीवर गोधड्या उन्हात टाकल्या आणि एका गोधडीचं टोक माझ्या जास्वंदीवर आलं, म्हणून मी हाक मारली. हाक मारायला आम्हाला एवढं पुरतं.

"काढते हो वहिनी. यंदा म्हटलं एकदाच ऊन दाखवून ट्रंकेत टाकावं. नाताळात मी काही या गोधड्यांत नसणार."

"मग कुठे असणार?"

"मालवणला!" हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरच्या बंगल्यातला कुत्रा उठून बसला.

नाशिकची थंडी काय असते ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. निफाडचा पारा चार-पाचावर गेल्याची बातमी पेपरात येते, द्राक्षवाले रात्री बागांत शेकोट्या करून धूर धरतात, आणि इकडे ताईंचा उजवा गुडघा संपावर जातो. मालवणला त्याच दिवसांत दुपारी तीसच्या पुढे ऊन असतं आणि रात्री पातळ चादर पुरते. गुडघ्यासाठी समुद्र, असं त्या म्हणत होत्या. मला विचाराल तर समुद्र सुरमईसाठी होता, पण मी काही बोलले नाही.

"भावजी तर गोवा म्हणत होते ना?"

"म्हणतील! मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला बसवते ती मडगावला उतरवते, गाडी बदलायला नको, एवढंच त्यांचं पालुपद. मागच्या खेपेचं विसरले. थर्टीफर्स्टच्या आठवड्यात खोलीचं भाडं तिप्पट, आणि 'समुद्र दिसणारी खोली' म्हणे. दिसायचा, पण गच्चीतल्या टाकीवर चढल्यावर. सासूबाईंना चढवू का टाकीवर?"

तेव्हा मालवण पक्कं. नाशिकहून सकाळी पंचवटीने ठाण्याला नणंदेकडे, दिवसभर तिथे, आणि रात्री कोकणकन्येने कुडाळ. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, रिक्षा म्हणा गाडी म्हणा, काहीतरी मिळतंच. आता गाडीचं तिकीट. पूर्वी एकशेवीस दिवस आधी काढता यायचं. नोव्हेंबर 2024 पासून ते साठ दिवसांवर आलं. पंचवीस डिसेंबरला निघायचं तर बुकिंग उघडणार सव्वीस ऑक्टोबरला सकाळी आठला. ताईंनी बोटांवर दिवस मोजले, परत मोजले, आणि थबकल्या.

"अगंबाई, आदल्या रात्री कोजागिरी!"

"बरंच की. जागायचंच आहे. दूध पिऊन झालं की मोबाइल घेऊन बसा."

"हे दूध प्यायले की झोपतात हो. मुलाला बसवते. मागे शिमग्याला आठ वाजून तीन मिनिटांनी उघडलं तर थेट वेटिंग. सगळ्या मुंबईचं गाव कोकणात, वहिनी. आपण पाहुणे, ते घरी चाललेले. आपला नंबर मागेच."

हे मात्र खरं बोलल्या. कोकण रेल्वे 1998 साली पुरती सुरू झाल्यापासून त्या गाड्यांत आधी चाकरमानी, मग उरलेलं जग.

आता माझ्या हातून झालेली आगळीक सांगते. मी आपलं सहज विचारलं, "ताई, पंचवीस तारखेला मार्गशीर्ष संपलेला असेल ना?"

ताईंचा गोधडी झटकणारा हात वरच राहिला.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. पुढचे सगळे महिने ढकलले गेले. गेल्या वर्षी नाताळाच्या आत मार्गशीर्ष आटोपला होता, म्हणून त्यांच्या डोक्यात तेच बसलेलं. मी आतून कॅलेंडर आणलं, भिंतीवर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून एका बाजूला माझी किल्ल्यांची जुडी आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा चष्मा. डिसेंबरच्या पानावर दहा तारखेला पहिला गुरुवार. मग सतरा, चोवीस, एकतीस. आणि सात जानेवारीला पाचवा, तोही ऐन अमावास्येला.

"म्हणजे उद्यापन एकतीसला की सातला?"

"त्यावर आमच्या भिशीत दोन तट पडतील. ते नंतर. आधी मालवणचं बघा."

ताईंच्या घरी मार्गशीर्ष म्हणजे नुसता गुरुवारचा घट आणि पोथी नव्हे. सासूबाईंच्या हुकमाने महिनाभर घरात अंडंसुद्धा नाही. आणि ही बाई साठ दिवस आधी रांग लावून कुठे चालली, तर पापलेट, बांगडा आणि कोंबडी-वड्यांच्या माहेरी! मला हसू आवरेना. त्यांनाही आवरलं नसतं, पण डोळ्यांसमोरून सुरमईचं ताट सरकताना दिसलं असावं.

"चोवीस गुरुवार, एकतीस गुरुवार," त्या कॅलेंडरवर बोट आपटत म्हणाल्या. "पंचवीसला निघायचं, तीसला घरात. मध्ये एकही गुरुवार नाही! देवीने बरोबर जागा ठेवलीय."

"आणि सासूबाईंचा महिना?"

त्यांनी तिथेच, भिंतीशी उभ्या उभ्या, देवबागच्या खोलीवाल्या बाईंना फोन लावला. स्पीकरवर. ताईंनी चाचरत विचारलं की चार दिवस शाकाहारी जेवण होईल का. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "मासे खावचे नाय तर मालवणाक कित्याक येतास?"

पण बाई मनाने मोठी. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, खतखतं, सोलकढी, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या, असं तिने जे एकेक सांगायला घेतलं, त्यात मी माझ्या गॅसवरची डाळ विसरले. आतून करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. कोकणी शाकाहारी जेवण लोक उगाच मागच्या पंगतीत बसवतात. मला शिरवाळ्या द्या, मी पापलेटाकडे बघणारही नाही. फोन ठेवता ठेवता ती बाई म्हणाली की पहाटे किनाऱ्यावर रापण ओढतात, दोर धरायला या, धरण्याला मार्गशीर्ष आडवा येत नाही.

एवढ्यात ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येतं, असं आम्ही समजतो.

"सिंधुदुर्ग दाखवणार आहात की नुसतं गिळणार?"

मग त्याच सुरू झाल्या. महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी केली; आत शिवराजेश्वराचं देऊळ, ते राजारामांनी बांधलं; भोवती खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. शाळेत शिकवायच्या त्या, सनावळी अजून पाठ. "पावसाळ्यात होड्या बंद असतात म्हणून दोनदा राहिलं माझं. या खेपेला होडीत बसवा. तुम्ही हॉटेलात काय खाता ते मी विचारायला येत नाही. माझा जप असतो त्या वेळी."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जास्वंदीकडे.

"घरात नाही ना शिजवायचं," त्या हळूच म्हणाल्या. "घराबाहेरचा नियम आईंनी कधी सांगितलेलाच नाही."

स्वेटरांचं काय करायचं यावर आणखी दहा मिनिटं गेली. पहाटे नाशिकरोडला कानटोपी लागते आणि कुडाळला उतरलं की तीच कानटोपी पाच दिवस पिशवीत ओझं होते. शेवटी सगळ्यांचे स्वेटर ठाण्याला नणंदेकडे ठेवायचे ठरले. नणंदेला अजून कळवलेलं नाही.

"आणि वहिनी, तुळशीला पाणी? मनीला दूध?"

"घालीन की. त्यात काय!"

"तुम्हाला काय आणू? खाजं आणू?"

"खाजं आणाच. आणि सोडे मिळाले तर पावशेर."

"तुमच्याकडे पण मार्गशीर्ष असतो ना हो?"

"असतो. म्हणून तर डबा अमावास्येपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. नीट झाकण लावून, मनीपासून वर."