मुदतीबाहेरचे सरकार

भोपाळच्या शिवाजी नगरातील सरकारी वसाहतीत राहणारा एखादा कारकून तापाने फणफणून आपल्या दिवाणी दाव्याच्या तारखेस गैरहजर राहिला, तर दावा खारीज होऊ शकतो, आणि तो पुनरुज्जीवित करण्यास त्याला अवघी ३० दिवसांची मुदत मिळते. ती टळलीच, तर मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली विलंबाचे सबळ कारण त्याला देता आले पाहिजे. परंतु ज्या मध्यप्रदेश शासनाचे मीठ तो खातो, ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात ६६३ दिवस उशिरा अवतीर्ण झाले, तेव्हा त्याने दिलेले कारण असे की, दस्तऐवज सापडत नव्हते आणि नोकरशाहीच्या कामात विलंब अनवधानाने होतच असतो! (दस्तऐवज अर्थातच शासनाच्याच दप्तरी होते.) १५ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ही याचिका फेटाळली, एवढेच नव्हे, तर असली प्रकरणे जिंकण्यासाठी येत नसून, 'वरूनच नामंजूर झाले, आमचा इलाज चालला नाही' असा दाखला नस्तीस जोडून अधिकाऱ्यांची कातडी वाचवण्यासाठी येतात, हे मर्मही उघडे केले. दंड झाला २५,००० रुपयांचा, आणि तो कसूरदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावयाचा होता. आता कसूरदार कोण, हे ठरवावयाचे तर नवी नस्ती उघडणे ओघानेच आले, आणि तिच्यावरील पहिला शेरा बहुधा 'चर्चा करावी' हाच असणार.