पॉझिटिव्हिटी आणि पत्रा

मे महिन्यात भोकरदनला कोणी व्याख्याता आला आणि माईक हातात धरून ‘पॉझिटिव्ह एनर्जी रेडिएट करा!’ म्हणाला, तर त्याला आधी दुपारी दोन ते चार पत्र्याच्या खोलीत बसवावं. पंखा चालू ठेवायला हरकत नाही, तोही गरमच वारा फेकतो.

मुळात रेडिएट करा असं माणसाला सांगावं लागत नाही. धडधाकट माणूस बसल्या जागी साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यातली बरीचशी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून जाते. मनात आनंद असो की सोसायटीच्या कर्जाची काळजी, वॅटांत फारसा फरक नाही. लग्नाच्या मंडपात पाचशे वऱ्हाडी जमले की ५० किलोवॅट झाले. म्हणजे पन्नास इस्त्र्या चालू ठेवायच्या आणि मधोमध नवरदेवाला कोट घालून उभा करायचा. ‘काय तेज आलंय चेहऱ्यावर!’ असं मावशी म्हणतात. तो घाम असतो.

वर्तमानपत्रं ‘सूर्य आग ओकतोय’ छापून मोकळी होतात. या ओकण्याशी गावाचं नातं तसं जुनं आहे. केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर इथल्या दात्यांची नोंद कोरलेली आहे. इथल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली दुसरी १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेईच्या अवशेषांत निघाली होती. ते शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं ओकलेल्या राखेखाली गडप झालं. ‘आमच्याकडचा सूर्य तर दरवर्षी ओकतो,’ असं म्हणायचा हक्क भोकरदनकरांना आहे.

या ओकण्याला पहिलं तोंड देतं ते घराचं छप्पर. जुन्या माळवदाचा जाड मातीचा थर ऊन दिवसभर अडवून धरायचा. पत्र्याला तेवढा दम नाही. त्यातही नवा चकचकीत जस्ती पत्रा मोठा चिक्कू: ऊन घेतो, पण उष्णता आकाशाकडे सोडताना हात आखडता घेतो आणि तापत राहतो. स्लॅबची तऱ्हा वेगळी. दिवसभर साठवलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत खाली सोडतो, म्हणून उशी-सतरंजी घेऊन घरदार गच्चीवर.

पांढरा चुना मात्र दोन्हीकडून कामाचा. ऊन परतवतो आणि उरलेली उष्णता सढळ हातानं आकाशाला देतो. एरवी आपल्याला चुना लावणारे पुष्कळ भेटतात. यंदा एप्रिलच्या आत आपणच पत्र्याला लावून घ्या. व्याख्यात्याच्या मानधनापेक्षा स्वस्त पडेल.